सराव रोज होतो, प्रार्थना मात्र आठव्या दिवशी मोडते

तुमचा प्रश्न मी दोनदा सावकाश वाचला. इतर वाचकांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सोलापुरात राहता, दीड वर्षापासून पोलीस भरतीची तयारी करत आहात आणि या काळात तुमचा पहाटेचा सराव जवळजवळ कधीच चुकलेला नाही. पण प्रार्थना आणि शास्त्रवाचन यांचे तसे होत नाही. नव्या वर्षाला, लेंटच्या म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या सुरुवातीला किंवा एखाद्या जागृतीसभेनंतर तुम्ही पहाटे चार ते पाच हा पूर्ण तास देवाला देण्याचा निश्चय करता आणि तो आठ-दहा दिवसांत मोडतो. मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तुम्हाला सांगितले की देवावर खरे प्रेम असते तर असे झाले नसते. उलट एका मित्राचे म्हणणे असे की तारण देवाच्या कृपेने मिळते, आपल्या कष्टाने नव्हे, तेव्हा असे नेम लावून घेणे हाच मुळी अविश्वास आहे. आता तुम्ही विचारता की भक्तीकडे व्यायामासारखे पाहणे योग्य आहे का, योग्य असेल तर हा सराव कसा करावा, आणि धावणे सोडून ती वेळ प्रार्थनेला द्यावी का.

मी पाळक नाही आणि ईशज्ञानाचे शिक्षणही घेतलेले नाही. एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले, त्या काळात लांब आणि मध्यम पल्ल्याचे बरेच धावपटू हाताखालून गेले, आणि आमच्या मंडळीतील तरुणांच्या प्रार्थनागटाची जबाबदारी वीसेक वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे दोन्हीकडची मोडतोड मी जवळून पाहिली आहे, स्वतःची धरून. पुढे जे लिहितो आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे आणि त्यातील काही भाग तुमच्या परिस्थितीला लागू पडणार नाही, याची जाणीव ठेवूनच वाचावे.

माझ्या मते तुमची अडचण प्रेमाची नाही आणि जिद्दीचीही नाही. मैदानावर जी चूक तुम्ही आता स्वप्नातही करणार नाही, तीच चूक तुम्ही प्रार्थनेत दरवर्षी करत आहात. भरतीच्या मैदानी चाचणीत सोळाशे मीटर धावायचे असते, म्हणजे चारशेच्या धावपट्टीवर चार फेऱ्या. सव्वापाच मिनिटांचे लक्ष्य ठेवले तर प्रत्येक फेरीला सुमारे ७९ सेकंद मिळतात. नवा मुलगा पहिल्यांदा येतो तेव्हा पहिली फेरी तो ६८ किंवा ७० सेकंदांत मारतो आणि माझ्यासमोरून जाताना हसतोसुद्धा. दुसऱ्या फेरीत त्याचे खांदे कानांकडे चढू लागतात. तिसऱ्या फेरीच्या वळणावर त्याच्या टाचा मातीवर घासू लागतात, आणि तो खर्र-खर्र आवाज इतका ओळखीचा आहे की मी पाठ फिरवून उभा असलो तरी मला कळते, आता हा थांबणार. मग तो कमरेवर हात ठेवून धावपट्टी सोडून आतल्या बाजूला वळतो. हा मुलगा आळशी नसतो. धावण्याची त्याला आवड नसते असेही नाही. त्याने चौथ्या फेरीचा दम पहिल्या फेरीतच खर्चून टाकलेला असतो, एवढेच. तुमचा पहाटे चार ते पाचचा तास ही तशी पहिली फेरी आहे. ज्याला रोज पाच मिनिटे शांत बसण्याची सवय नाही, त्याने एकदम साठ मिनिटे ठरवली तर आठवा दिवस हा त्याच्या तिसऱ्या फेरीचे वळणच ठरणार.

आता ही तुलना मुळात योग्य आहे का, याकडे वळू. ती माझी किंवा तुमची नाही, ज्याची पत्रे बायबलच्या नव्या करारात आहेत त्या प्रेषित पौलाची आहे. करिंथ शहराजवळ इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत असत, आणि पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. म्हणून करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो शर्यतीत धावणाऱ्यांची गोष्ट काढतो तेव्हा वाचणाऱ्यांना ती समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या खेळांत विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सेलरीच्या सुकलेल्या पानांचा मुकुट मिळत असे, त्यामुळे पौलाचे ‘नाशवंत मुकुट’ हे शब्द ऐकताना त्यांच्या डोळ्यांसमोर खरोखरच वाळत चाललेली पाने आली असतील. ऑलिंपियाला जाणाऱ्या खेळाडूंना तर आपण सलग दहा महिने नियमाने सराव केला आहे अशी शपथ घ्यावी लागत असे. पौल म्हणतो की स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण सर्व गोष्टींत संयम पाळतो. मला त्यातील ‘सर्व गोष्टींत’ हे शब्द महत्त्वाचे वाटतात, कारण धावपटूचा सराव मैदानावर संपत नाही. तो किती वाजता झोपतो, रात्री काय खातो, कोणाबरोबर बसतो, या सगळ्यांत तो चालूच असतो.

पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सुभक्तीची कसरत करण्याची आज्ञा आहे. तेथील मूळ ग्रीक क्रियापद ‘गुम्नाझो’ आहे, आणि आज आपण ज्याला जिम म्हणतो तो शब्द त्याच कुळातला आहे. त्याच ठिकाणी शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा असतो, असेही म्हटले आहे. काही जण हे वाक्य व्यायामाची निंदा म्हणून वापरतात, पण थोडा उपयोग म्हणजे शून्य उपयोग नव्हे. ज्याने आपल्या हयातीत हजारो मैल पायी प्रवास केला, त्या माणसाच्या नावाचे हे पत्र आहे, हेही विसरू नये.

तुमच्या मित्राचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. आपण सराव करून पवित्र होत असू, तर कृपेला काय उरले? मला याचे उत्तर मैदानावरच सापडले. स्नायू धावताना वाढत नाहीत. धावताना तर ते थकतात, त्यांतील साठवलेली साखर संपते, तंतूंना बारीक इजा होतात. वाढ होते ती नंतर, जेवण आणि झोप मिळाल्यावर. रात्री मुलगा गाढ झोपलेला असतो तेव्हा शरीर ती झीज भरून काढते, आठवड्यामागून आठवडे स्नायूंत नव्या केशवाहिन्या तयार होतात, आणि हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त ढकलू लागते. यातले एकही काम तो मुलगा करत नाही, आणि ठरवले तरी करू शकणार नाही. त्याच्या हातात एवढेच असते की योग्य प्रमाणात श्रम करून त्या वाढीला निमित्त द्यावे आणि मग तिच्या आड येऊ नये. एकतीस वर्षांत मी कोणाचाही दम वाढवलेला नाही. तो वाढताना मी फक्त पाहिला आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूने नेमके हेच शेतकऱ्याबद्दल सांगितले आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि ते बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही. आपल्या जिल्ह्यातील माणसाला हा दाखला समजण्यासाठी कोणा टीकाकाराची गरज नाही. आपली शाळू ज्वारी पाऊस ओसरताना पेरली जाते आणि पुढे काळ्या रानात साठलेल्या ओलीवर उभी राहते. थंडीत जमिनीला भेगा पडू लागल्या की शेतकरी कोळपे घालून त्या बुजवतो, म्हणजे आतली ओल उडून जात नाही. कोळपणीने एक थेंबही पाऊस पडत नाही, पण न कोळपलेल्या रानातून पडून गेलेल्या पावसाची ओल निघून जाते. प्रार्थना, उपास, शास्त्रवाचन, रविवारची उपासना, प्रभुभोजन, गुप्तपणे केलेले दान या सगळ्यांना मी कोळपणी समजतो. कृपा आधीच दिलेली आहे. सराव ती मिळवण्यासाठी नसतो, दिलेली वाया जाऊ नये म्हणून असतो.

नेम कर्मठपणाकडे घसरू शकतो, हे तुमच्या मित्राचे म्हणणे खरे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास करत होता, आणि त्याच्या उपासात काही खोट होती असे तेथे म्हटलेले नाही. खोट होती ती त्याने शेजारी उभ्या असलेल्या जकातदाराकडे पाहून मांडलेल्या हिशेबात. आपला नेम सांगताना दुसऱ्याचा नेम मनात येऊ लागला की थांबून स्वतःकडे पाहावे. तेवढ्या धोक्यासाठी नेमच सोडून देणे म्हणजे पाय मुरगळेल म्हणून मैदानावरच न जाण्यासारखे आहे.

इथपर्यंतचे दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. तुम्ही हरत आहात ते प्रेम कमी पडते म्हणून नव्हे, तर सुरुवात झेपणार नाही इतकी मोठी करता म्हणून. आणि वाढ हे तुमचे काम नसल्यामुळे ती ओढून आणण्यासाठी पहिल्याच दिवशी सगळा जोर लावण्याचे कारणही उरत नाही.

प्रमाणाविषयी मैदानावरची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. नव्या धावपटूचा दम दोन-तीन आठवड्यांतच सुधारल्यासारखा वाटतो, पण नडगीची हाडे आणि स्नायूबंध त्या गतीने तयार होत नाहीत. त्यांना महिने लागतात. म्हणून तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, नेमके आता मला कितीही धावता येईल असे वाटू लागते तेव्हाच, नडगी दुखायला लागते. जागृतीसभेनंतरही असेच होते. मनाचा उत्साह हा दमासारखा असतो, तो लगेच वाढतो. पण झोपेची वेळ, घरातला गोंगाट, फोन हातात घेण्याची सवय, आई सकाळी कोणत्या कामाला हाक मारते, ही आपल्या दिवसाची हाडे असतात आणि त्यांना वळण लागायला वेळ लागतो. उत्साहाकडे पाहून प्रमाण ठरवू नये, हाडांकडे पाहून ठरवावे.

म्हणून माझ्या गटातील मुलांना मी पहिले सहा आठवडे फक्त दहा मिनिटे देतो, आणि त्यांनी कितीही आग्रह केला तरी वाढवू देत नाही. त्या दहा मिनिटांत बायबलमधील एक स्तोत्र मोठ्याने वाचायचे, मार्काच्या शुभवर्तमानातील एक परिच्छेद वाचायचा, त्यातील एक वाक्य मनात धरून दोन-तीन मिनिटे गप्प बसायचे, आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणून उठायचे. मोठ्याने वाचण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. नुसत्या डोळ्यांनी वाचताना मन चावडीवर जाऊन बसते. ओठ हलले आणि कानांनी ऐकले की ते थोडे तरी जागेवर राहते. स्तोत्रे १५० आहेत, रोज एक घेतले तर पाच महिन्यांत एक फेरा पूर्ण होतो. जागा आणि वेळ बदलू नये. रात्री झोपताना तुम्ही बूट आणि मोजे दाराजवळ काढून ठेवत असाल, तसे बायबल त्या ठरलेल्या खुर्चीवर उघडून ठेवावे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल, पण पहाटे पाच वाजता माणसाचा निश्चय फार अशक्त असतो, आणि त्याला आधार देण्याचे काम आदल्या रात्रीच करावे लागते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे करू नयेत. सराव बुडाला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट पळणारा मुलगा तिसऱ्या दिवशी लंगडत येतो. चुकलेला दिवस प्रभूच्या स्वाधीन करून दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाच मिनिटे करावीत. माझ्याकडे वही असते, तीत मी किती दिवस अखंड झाले हे लिहू देत नाही. चुकल्यानंतर मुलगा किती दिवसांनी परत आला तेवढेच लिहितो. पहिल्या वर्षी हा आकडा बहुतेकांचा वीस-पंचवीस दिवस असतो. तो दोनवर आला की मी समजतो, हा आता तयार होत आहे.

प्रमाणाचा धडा मला स्वतःला फार उशिरा आणि दुसऱ्याच्या किमतीवर मिळाला. सत्तेचाळीस वर्षांचा असताना मी एका लेंटमध्ये चाळीस दिवस संध्याकाळपर्यंत फक्त पाण्यावर राहण्याचा उपास धरला. कोणालाही विचारले नाही. मार्चचे सोलापूरचे ऊन तुम्हाला सांगायला नको, आणि माझी नोकरी त्या उन्हातच होती. तिसऱ्या आठवड्यात रिलेच्या सरावात एका मुलीच्या हातून बॅटन पडले. ती वाकून ते उचलत असताना मी सगळ्यांसमोर तिला असे काही बोललो की ती ते बॅटन माझ्या पायाजवळ ठेवून निघून गेली आणि पुन्हा मैदानावर आली नाही. त्या बॅटनचा एका टोकाचा पिवळा रंग उडालेला होता, तो मला अजून दिसतो. त्या रात्री पत्नी म्हणाली, “उपास तुमचा आणि भाकरी मात्र आमची कडू.” बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात भांडणतंट्यासाठी केलेल्या उपासाबद्दल जे लिहिले आहे ते मी कित्येकदा वाचले होते, पण ते माझ्याबद्दल आहे हे त्या रात्री कळले. मी त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली. तिने ती दिली, पण धावणे सुटले ते सुटलेच. पुढच्या वर्षीपासून मी फक्त शुक्रवारचे दुपारचे जेवण सोडतो आणि तो डबा घरातून नेहमीप्रमाणे नेऊन ज्याला हवा त्याला देतो. यात माझ्या चिडचिडीला वाव कमी आणि दुसऱ्याच्या पोटाला आधार थोडा जास्त आहे.

त्या चुकीचे मूळ कोणालाही न विचारण्यात होते, असे मला आता वाटते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमावलीत लेंटविषयीचा एकोणपन्नासावा अध्याय आहे. त्यात म्हटले आहे की या काळात प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या नेमात काही भर घालावी, पण काय घालणार आहे ते आधी मठाधिपतीला सांगावे, कारण आध्यात्मिक पित्याच्या संमतीवाचून केलेले व्रत हे पुण्यात नव्हे, घमेंडीत जमा होते. प्रशिक्षक म्हणून मला हे तंतोतंत पटते. धावणाऱ्याला स्वतःचे पाऊल कसे पडते ते दिसत नाही, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. तालमीत कितीही वर्षे घालवलेला पैलवान वस्तादाच्या नजरेसमोरच जोर मारतो. तुम्हालाही असा एक माणूस हवा. तो तुमचा पाळक असू शकेल, मंडळीतील एखादी वृद्ध बाई असू शकेल. त्याने किंवा तिने महिन्यातून एकदा तुम्हाला विचारावे आणि तुम्ही खरे सांगावे. ज्या गृहस्थांनी तुमचे प्रेम कमी आहे असे सांगितले, ते मनाने चांगले असतील, पण या कामासाठी मी त्यांना निवडणार नाही. लंगडणाऱ्या मुलाला तू मनापासून धावत नाहीस असे सांगणारा प्रशिक्षक त्याची नडगी कधी तपासत नाही.

विश्रांतीचेही तसेच. इजिप्तच्या वाळवंटातील संत अँटनीची एक जुनी गोष्ट आहे. तो बंधूंबरोबर हसत-बोलत बसलेला पाहून एका शिकाऱ्याला धक्का बसला. अँटनीने त्याला धनुष्य ताणायला सांगितले, मग आणखी ताणायला सांगितले, आणि पुन्हा आणखी. शिकारी म्हणाला, असे ताणत राहिलो तर धनुष्य मोडेल. देवाच्या कामातही तसेच आहे, असे अँटनीने उत्तर दिले. आठवड्यातला एक दिवस तुम्ही धावण्याला सुटी देत असालच. भक्तीत तो दिवस उपासनेचा आहे. त्या दिवशी स्वतःचा दहा मिनिटांचा नेम बाजूला ठेवून मंडळीने गायिलेल्या गीतांवर आणि दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेवर विसावावे, असे मी मुलांना सांगतो.

हे सगळे कशासाठी, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सहा महिन्यांनी तो येईल, कारण काही दिवसांनी प्रार्थनेत काहीच जाणवेनासे होते. तेव्हा माणसाला वाटते की हे सगळे निरर्थक आहे. मला याचे उत्तर एका रुग्णालयाच्या बाकावर मिळाले. पत्नीला अचानक अतिदक्षता विभागात दाखल केले होते, पहाटेचे तीन वाजले होते, आत जाऊ देत नव्हते. मी प्रार्थना करायला बसलो आणि एक वाक्यही जुळेना. मग आपोआप एकशे एकविसावे स्तोत्र ओठांवर आले, जे आजीने लहानपणी पाठ करून घेतले होते आणि जे मी वर्षानुवर्षे, बहुतेक वेळा काहीही न वाटता, म्हणत आलो होतो. राखणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही, हे त्यातील शब्द. तेव्हाही मला काही वाटले नाही. दिलासा नाही, शांती नाही. पण शब्द येत राहिले, जसे शेवटच्या फेरीत डोके काम करत नसताना पाय पडत राहतात, कारण ते हजारो वेळा तसे पडलेले असतात. पत्नी त्या आजारातून उठली, पण ती उठली नसती तरी मी जे लिहितो आहे ते बदलले नसते. सराव ज्या दिवसासाठी असतो त्या दिवशी सराव करायला वेळ नसतो.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट मंडळीत अनेकदा सांगितली जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो त्यात धावला नाही, आणि पुढे चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. आपण सांगताना असे सांगतो जणू त्याने धावरेषेवर उभे राहून ऐन वेळी नकार दिला. तसे नव्हते. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळले होते, त्याचा निर्णय तेव्हाच झाला होता, आणि मधले महिने त्याने चारशेची तयारी करण्यात घालवले. मला ही गोष्ट अशी सांगितलेली जास्त आवडते. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये तेथील नजरकैदेच्या छावणीत वारला. छावणीतही तो मुलांना शिकवत आणि खेळवत असे.

तुलना कोठे तुटते तेही सांगितले पाहिजे. शर्यतीत एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. इथे तुमच्या शेजाऱ्याच्या पवित्रतेने तुमचे काही कमी होत नाही, उलट मंडळीत एकाची प्रार्थना दुसऱ्याला उचलून धरते. इथे घड्याळही नाही. माझ्या खिशात तीस वर्षे स्टॉपवॉच होते, त्यामुळे मला हे शिकायला जड गेले, पण प्रार्थनेची प्रगती प्रार्थनेत मोजता येत नाही. ती मोजायची असेल तर घरच्यांना विचारावे, तुमचा राग किती लवकर उतरतो, उसने घेतलेले पैसे तुम्ही वेळेवर देता का, कमकुवत माणसाशी कसे बोलता. आणि शरीर चाळिशीनंतर उतरणीला लागते, भक्तीला ती उतरण नाही. आमच्या गटातील सगळ्यांत भक्कम प्रार्थना करणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांना जिना चढवत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. यंत्रमागावर बारा तासांची रात्रपाळी करणाऱ्याला मी पहाटेचा नेम सांगत नाही. पाळी सुटल्यावर घरी चालत जाताना एक पाठ केलेले स्तोत्र त्याला पुरते. तान्हे मूल असलेल्या आईला मी कोणताच नेम सांगत नाही, फक्त रात्री मुलाला पाजताना प्रभूची प्रार्थना म्हणावी एवढे सुचवतो. मधुमेह असलेल्याने किंवा औषधे चालू असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, आणि तुम्हीही चाचणीच्या तयारीत असताना जेवणाचा उपास धरू नये. फोनचा किंवा गोडाचा धरावा. आणि एक गोष्ट अधिक काळजीने लिहितो. प्रार्थनेत मन लागत नाही याबरोबरच झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे होत असेल, तर तो नेमाचा प्रश्न नाही. दुखावलेल्या पायावर धावायला लावत नाहीत, आधी डॉक्टरांकडे नेतात. तसे असेल तर घरच्यांना सांगून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, आणि तोपर्यंत तुमच्यासाठी प्रार्थना दुसऱ्यांना करू द्यावी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. धावणे सोडू नका. ते तुमच्या घराच्या भाकरीसाठी आहे, आणि दीड वर्ष न चुकता उठण्याची जी शक्ती तुमच्यात आली आहे ती देवाच्या कामाबाहेरची नाही. त्याऐवजी असे करून पाहा. पहाटे अलार्म लावता त्याच्या फक्त बारा मिनिटे आधी उठा, ठरलेल्या खुर्चीवर दहा मिनिटे बसा, मग बूट घाला. ज्या दिवशी उशीर होईल त्या दिवशी धावण्यातील एक फेरी कमी करा, पण ती दहा मिनिटे कमी करू नका. अंग गरम करण्यासाठी पहिल्या दोन फेऱ्या तुम्ही संथ धावत असाल. त्यांत त्या दिवशी वाचलेले एकच वाक्य श्वासाबरोबर मनात म्हणत राहा. वेगाच्या फेऱ्या सुरू झाल्या की ते सोडून द्या आणि पूर्ण लक्ष धावण्यावर ठेवा. मैदानी चाचणीच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही धावणे निम्म्यावर आणाल. तेव्हाही ती दहा मिनिटे तशीच ठेवा. सहा आठवड्यांनी काय झाले ते मला कळवा, विशेषतः चुकलेल्या दिवसानंतर किती दिवसांनी परत बसलात ते.